बाजारात तुरी आणि टीव्हीला पोर्ट किती?

प्रश्न : दिवाळीच्या आधी हॉलचं काम काढतोय. त्यात भिंतीवर ५५ इंची टीव्ही लावायचा आहे. घरात सध्या प्लेस्टेशन ४ आहे. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "बाबा, थांबा. पुढचं प्लेस्टेशन आलं की त्याला एचडीएमआय २.२ लागणार, आत्ता घेतलेला टीव्ही वाया जाईल." दुकानदार म्हणतो, "साहेब, २.१ आहे, दहा वर्षं बघायला नको." ऐकायचं कुणाचं? आणि कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या एवढी साधी गोष्ट आधीच सांगून का टाकत नाहीत? मागे कुठलं पोर्ट असेल, एवढंच तर सांगायचंय!
— एक वाचक, सांगली

उत्तर : टीव्ही दिवाळीत घ्या. २.२ साठी थांबण्यात अर्थ नाही. मात्र "दहा वर्षं बघायला नको" हे दुकानदाराचं बोलणंही जसंच्या तसं घेऊ नका. ते का, हे पुढच्या पत्राच्या उत्तरात येईल.

पुढच्या प्लेस्टेशनबद्दल आज छातीठोकपणे जे सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक बाजारात तुरी या जातीचं आहे. सोनीचे मार्क सर्नी ऑक्टोबर २०२५मध्ये चिप बनवणाऱ्या एएमडीच्या अधिकाऱ्यांबरोबर एका चित्रफितीत दिसले. भावी कन्सोलसाठी चाललेल्या ग्राफिक्सच्या कामाबद्दल ते भरभरून बोलले आणि ही तंत्रं सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये आहेत, हेही त्यांनी सांगितलं. मागच्या बाजूच्या पोर्टबद्दल अवाक्षर नव्हतं. यात लपवाछपवी असेलच असं नाही. बऱ्याचदा ही गोष्ट कंपनीचीच ठरलेली नसते, आणि घाईने जाहीर केली तर पुढे ती बदलावी लागते. याचा सगळ्यात बोलका दाखला २००५ ते २००७ या काळातला आहे.

मे २००५मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनाच्या निमित्ताने सोनीने प्लेस्टेशन ३ पहिल्यांदा जगाला दाखवलं. मागे एक सोडून दोन एचडीएमआय पोर्ट होती. दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवून एकच खेळ दोन्ही पडद्यांवर पसरता येईल, अशी त्यामागची कल्पना होती. जोडीला सहा यूएसबी, तीन इथरनेट आणि १०८०पी चित्राचं आश्वासन. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० दाखवलं, त्याला एचडीएमआय नव्हतंच. निन्टेंडोने तर आपण एचडीच्या वाटेला जाणारच नाही, असं सांगून टाकलं. एकाच हंगामात तीन कंपन्यांची तीन उत्तरं. घरात टीव्ही घ्यायला निघालेल्या माणसाने काय समजायचं?

वर्षभराने, मे २००६मध्ये, सोनीचं उत्तर बदललं. दोनाऐवजी एकच एचडीएमआय, आणि तेही फक्त ५९९ डॉलरच्या ६० जीबीच्या मॉडेलला. ४९९ डॉलरच्या २० जीबीच्या मॉडेलला ते नसणार होतं. मग सप्टेंबरमध्ये पुन्हा फिरवाफिरव झाली आणि स्वस्त मॉडेललाही एचडीएमआय मिळालं. नोव्हेंबर २००६मध्ये कन्सोल विक्रीला आलं, तेव्हा यूएसबी सहाचे चार आणि इथरनेट तीनाचं एक झालं होतं. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या कन्सोलचं पोर्ट एचडीएमआय १.३ या आवृत्तीचं होतं, आणि त्या आवृत्तीचा नियमग्रंथच जून २००६मध्ये निघाला होता, म्हणजे विक्रीच्या जेमतेम पाच महिने आधी. मे २००५मध्ये सोनीने ठामपणे काही सांगितलं असतं, तरी ते कशाच्या आधारावर?

मायक्रोसॉफ्टची गोष्ट उलट्या बाजूने तीच. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५मध्ये अमेरिकेत आलं. महागड्या पॅकमध्ये काँपोनंट केबल मिळायची. हिरवी, निळी आणि लाल अशी चित्राची तीन टोकं, आवाजाची वेगळी. कन्सोलकडच्या जाड राखाडी प्लगवर 'टीव्ही' आणि 'एचडीटीव्ही' असं लिहिलेलं एक छोटं सरकतं बटण असायचं. ते चुकून 'टीव्ही'कडे राहिलं, की हजारो रुपयांच्या एचडी पडद्यावर जुन्या टीव्हीसारखं पुसट चित्र दिसायचं आणि माणूस कन्सोलला नावं ठेवायचा. ऑक्टोबर २००६च्या अखेरीस सॉफ्टवेअर अपडेटने या यंत्राला १०८०पी देता यायला लागलं. एचडीएमआय मात्र एप्रिल २००७च्या एलिट मॉडेलपासून आलं. आधी घेतलेल्यांना ते कधीच मिळालं नाही. अपडेटने रिझोल्यूशन वाढवता येतं, पोर्ट उगवत नाही.

असं का होतं? कारण पोर्ट ठरवणारी घड्याळं तीन आहेत आणि ती एकमेकांना विचारून चालत नाहीत.

पहिलं घड्याळ चिपचं. चित्र बाहेर पाठवणारा भाग सिलिकॉनमध्ये कोरावा लागतो. विक्री सुरू होण्याच्या कितीतरी आधी तो आराखडा गोठवावा लागतो, नाहीतर कारखाना सुरूच होत नाही.

दुसरं घड्याळ मानकांचं. एचडीएमआय ही एका कंपनीची मालमत्ता नाही. अनेक कंपन्या मिळून तिची आवृत्ती ठरवतात, आणि त्यांची बैठक एखाद्या कन्सोलच्या तारखेसाठी थांबत नाही.

तिसरं घड्याळ परवान्याचं आणि पैशाचं. २००५-०६मध्ये ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची लढाई चालू होती. या दोन्ही तबकड्यांच्या संरक्षण-व्यवस्थेत एक खोच होती. स्टुडिओने मनात आणलं, तर काँपोनंटसारख्या अॅनालॉग तारेतून जाणारं सिनेमाचं चित्र ९६० बाय ५४० ठिपक्यांवर उतरवता येत होतं. पूर्ण चित्र हवं तर एचडीएमआय आणि तिच्यातलं कॉपी-संरक्षण लागणार. म्हणजे एचडीएमआय द्यायचं की नाही, हा प्रश्न खेळाइतकाच सिनेमावाल्यांच्या हातात होता. त्यात प्लेस्टेशन ३ सोनी तोट्यात विकत होती. अशा वेळी एकेका पोर्टचा खर्चही डोळ्यांवर येतो.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर ताजी गोष्ट ऐका. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने टीव्हीला जोडायचं स्टीम मशीन जाहीर केलं. त्याच्या माहितीपत्रकात एचडीएमआय २.० असं लिहिलेलं आहे. आतली एएमडीची चिप २.१ साठी सक्षम आहे, असं कंपनीचं म्हणणं. अडलं ते हे यंत्र ज्यावर चालतं त्या लिनक्समुळे. एएमडीने आपल्या खुल्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये २.१ आणायचा प्रस्ताव दिला होता, तो एचडीएमआय फोरमने मान्य केला नाही, हे फेब्रुवारी २०२४मध्ये उघड झालं होतं. सिलिकॉन तयार, तार तयार, आणि गाडं कागदावर अडलेलं. २००६मध्ये आणि आज, यात फरक एवढाच की तेव्हा स्टुडिओ होते, आता मानक-मंडळ आहे.

आता तुमच्या मुलाच्या भीतीबद्दल. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. एचडीएमआय २.२ जानेवारी २०२५मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनाच्या वेळी जाहीर झालं आणि जूनमध्ये त्याचं मानक प्रसिद्ध झालं. २.१ मधून सेकंदाला जास्तीत जास्त ४८ गिगाबिट जातात, २.२ मधून ९६. आकडा दुप्पट आहे, पण खेळाला किती लागतं ते मोजून बघू.

४के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रं धरली, तर सुमारे ५० कोटी ठिपके दर सेकंदाला तारेतून जायला हवेत. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, म्हणजे साधारण १२ गिगाबिट. दोन ओळींमध्ये आणि दोन चित्रांमध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा धरली की १४च्या वर, आणि तारेवर पाठवायच्या सांकेतिक मांडणीचा भार धरला की १७.८. जुन्या एचडीएमआय २.० ची मर्यादा १८. ही मर्यादा कुठून आली ते आता कळलं असेल. आता चित्रं १२० करा आणि एचडीआरसाठी रंग ३० बिटचे करा. ठिपक्यांचेच ३० गिगाबिट होतात, मोकळी जागा आणि मांडणीचा भार धरून सुमारे ४०. २.१ च्या ४८ मध्ये ते मावतं आणि वर जागा उरते. एक्सबॉक्स सिरीज एक्सचं पोर्ट ४० गिगाबिटचं आहे, ते याच हिशेबाने. प्लेस्टेशन ५चं ३२चं आहे, म्हणून १२० चित्रांच्या वेळी ते रंगांची माहिती थोडी आवळून पाठवतं. सोफ्यावरून खेळणाऱ्याच्या डोळ्यांना हा फरक दिसणं कठीण.

म्हणजे २.२ लागणार कुणाला? ज्याला ४के वर सेकंदाला २४० चित्रं, किंवा ८के चित्र न आवळता हवं त्याला. आणि इथेच खरी मेख आहे. तार रुंद झाली तरी चित्रं बनवायची कन्सोलने. महामार्ग आठपदरी झाला म्हणून उसाचा ट्रॅक्टर काही शंभरच्या वेगाने धावत नाही. आजही मोठ्या खेळांत सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं हीच नेहमीची गोष्ट आहे, आणि बरेच खेळ ४के पेक्षा लहान चित्र बनवून ते मोठं करून दाखवतात.

हेही नवं नाही. एचडी पिढीच्या ऐन भरात, सप्टेंबर २००७मध्ये आलेला 'हेलो ३' आतून १,१५२ बाय ६४० ठिपक्यांवर चालत होता. खेळाडूंनी ठिपके मोजून ते उघड केलं आणि बनवणाऱ्या बंजी कंपनीने ते मान्य करून कारणही दिलं. उजेड-सावलीचं चित्रण चांगलं व्हावं म्हणून तिने ठिपके कमी केले होते. २०२०मध्ये प्लेस्टेशन ५च्या खोक्यावर ८के असं छापलेलं होतं. पुढे खोक्यावरून तो शिक्का गेला. दर पिढीत खोक्यावरचा आकडा खेळाच्या पुढे धावतो आणि खेळ आपल्या चालीने येतो.

राहिला "वाया जाईल" हा शब्द. ते होणार नाही. एचडीएमआयचं टीव्हीवरचं नेहमीचं सॉकेट २००२च्या पहिल्या आवृत्तीपासून तेच आहे, १९ पिनांचं. नवी आवृत्ती जुन्या टीव्हीला लावली, तर दोघांना जमेल त्या वेगावर ती उतरते. तुमचं प्लेस्टेशन ४ नव्या टीव्हीवर चालेल आणि पुढचं कन्सोल २.२ घेऊन आलं, तरी २.१ च्या टीव्हीवर चित्र दाखवेल.

प्लेस्टेशन ३ भारतात एप्रिल २००७मध्ये ३९,९९० रुपयांना आलं, तेव्हा आपल्याकडे बहुतेक घरांत फुगीर काचेचे टीव्ही होते. एचडीचा एवढा गाजावाजा झालेल्या त्या यंत्राच्या खोक्यात एचडीएमआय केबल नव्हतीच. होती ती पिवळी, लाल आणि पांढरी, जुन्या टीव्हीची. लोकांनी ती लावली आणि खेळले. आणि त्या पिढीत सगळ्यात जास्त खपलं ते कुठलं? जास्तीत जास्त ४८०पी देणारं, एचडीएमआय नसलेलं निन्टेंडोचं वी. ते दहा कोटींच्या वर गेलं. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० प्रत्येकी साडेआठ कोटींच्या आसपास राहिले.

प्रश्न : मी गेल्या वर्षी टीव्ही घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत एचडीएमआय २.१ लिहिलेलं आहे. पण प्लेस्टेशन ५वर व्हीआरआर चालू होत नाही आणि ४के ला १२० हर्ट्झही मिळत नाही. ही फसवणूक नाही का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : कायद्याच्या भाषेत बहुधा नाही. व्यवहारात मात्र तुम्हाला अंधारात ठेवलं गेलं आहे. २.१ आल्यावर २.० हे वेगळं नाव मोडीत निघालं. २.१ मधल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. त्यामुळे १८ गिगाबिटचं जुनं पोर्ट असलेल्या टीव्हीवरही २.१ लिहिता येतं. कुठल्या सोयी आहेत ते सांगावं एवढी अपेक्षा असते, आणि ते बारीक अक्षरांत कुठेतरी सांगितलेलं असतं. म्हणून आवृत्तीचा आकडा विचारूच नका. चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा.

एक, पडद्याचा खरा वेग. 'मोशन रेट १२०' किंवा असंच एखादं नाव असेल, तर पॅनेल बहुधा ६० हर्ट्झचं असतं आणि मधली चित्रं टीव्ही स्वतः रचतो. स्वस्त टीव्हींत आणखी एक प्रकार सापडतो. ४के ला ६० हर्ट्झ आणि आडव्या ओळी निम्म्या करून १२०. जाहिरातीत फक्त १२० दिसतं. "४के ला १२० मिळतं का?" असा नेमका प्रश्न विचारा.

दोन, व्हीआरआर, म्हणजे कन्सोलचं चित्र तयार होईल तसा पडद्याने आपला वेग जुळवून घेणं. प्लेस्टेशन ५वर ही सोय यंत्र आल्यावर दीड वर्षाने, एप्रिल २०२२मध्ये अपडेटने आली. आधी घेतलेल्यांनी तेवढे दिवस नुसती वाट पाहिली. निन्टेंडो स्विच २च्या बाबतीत तर कंपनीच्या संकेतस्थळावर सुरुवातीला टीव्हीवरही व्हीआरआर मिळेल असा उल्लेख होता. नंतर ते फक्त हातातल्या पडद्यावर मिळेल असा खुलासा करून कंपनीने चुकीबद्दल माफी मागितली. कन्सोल जून २०२५मध्ये आलं ते तसंच.

तीन, कुठलं पोर्ट. चार सॉकेट असलेल्या बऱ्याच टीव्हींवर पूर्ण वेगाची दोनच असतात, आणि त्यातलं एक साउंडबारसाठीचं ई-आर्क असतं. कन्सोल तिसऱ्याच पोर्टला लावलेलं असेल, तर सगळ्या सोयी असून नसल्यासारख्या.

चार, सेटिंग. पूर्ण वेग अनेक टीव्हींवर मुळात बंद असतो. एचडीएमआय सिग्नलच्या पर्यायात जाऊन त्या पोर्टपुरतं 'एन्हान्स्ड' किंवा तत्सम नाव निवडावं लागतं. तुम्ही आधी हेच बघा. अशा तक्रारींतल्या कितीतरी तिथेच मिटतात.

मध्ये ऑडिओ रिसीव्हर असेल, तर तो काढून कन्सोल थेट टीव्हीला लावून पाहा. २०२०मध्ये २.१ च्या नावाखाली विकल्या गेलेल्या काही रिसीव्हरांमधल्या चिपमध्ये दोष निघाला होता. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के १२० वर लावलं, की पडदा काळा. काही कंपन्यांनी वेगळा अडॅप्टर फुकट दिला, काहींनी आतले बोर्ड बदलून दिले. मानक कागदावर तीन वर्षं जुनं होतं, तरी यंत्रं एकमेकांशी नीट बोलत नव्हती. नव्या आवृत्तीचं पहिलं यंत्र घेणारा माणूस स्वखर्चाने चाचणी करत असतो, हे २.२ च्या बाबतीतही ध्यानात ठेवा.

प्रश्न : गेमिंगसाठी टीव्ही घेताना डॉल्बी व्हिजन असायलाच हवं का? आणि पुढच्या कन्सोलमध्ये तबकडीचा ड्राइव्ह राहील का? माझ्याकडे ब्लू-रे सिनेमांचा मोठा संग्रह आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : खेळापुरतं बोलायचं, तर ते कन्सोलवर अवलंबून आहे. एक्सबॉक्स सिरीज एक्सवर काही खेळ डॉल्बी व्हिजनमध्ये चालतात. प्लेस्टेशन ५ फक्त एचडीआर१० देतं. दुसरीकडे सॅमसंगच्या टीव्हींत डॉल्बी व्हिजन नसतंच, तिथे एचडीआर१०+ असतं. या भाऊबंदकीत सगळ्यांना समान असलेला पाया म्हणजे साधं एचडीआर१०. पुढचं कन्सोल कुठल्याही कंपनीचं आलं, तरी हा पाया सुटण्याची शक्यता जवळजवळ नाही. त्यामुळे नावापेक्षा पडद्याची उजेड देण्याची ताकद बघा. स्वस्त टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतो, खोक्यावर तसं छापतोही, पण दिवा पुरेसा प्रखर नसला की चित्र उलट काळवंडतं. दुकानात दोन टीव्हींवर एकच गडद दृश्य शेजारी शेजारी लावायला सांगा. फरक डोळ्यांनाच दिसेल.

तबकडीचं मात्र वारं उलटं आहे. २००६मध्ये कुठली तबकडी, यावर लढाई होती. प्लेस्टेशन ३मध्ये ब्लू-रे आतच होतं, एक्सबॉक्सला एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह १९९ डॉलरना बाहेरून जोडावा लागे. फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळलं आणि तो बाहेरचा ड्राइव्ह घेणारे अडकले. आज प्रश्न तबकडी असेल की नाही इथवर आला आहे. नोव्हेंबर २०२४चं प्लेस्टेशन ५ प्रो ड्राइव्हशिवाय विकलं जातं. हवा असेल तर तो वेगळा घ्यायचा. तुमचा संग्रह मोठा आहे, तर भावी कन्सोलच्या भरवशावर राहू नका. चांगला स्वतंत्र ब्लू-रे प्लेयर मिळतोय तोवर घेऊन ठेवा.

प्रश्न : टीव्हीच्या मागून कन्सोलच्या कपाटापर्यंत एचडीएमआय केबल भिंतीत गाडायची आहे. इलेक्ट्रिशियन म्हणतो, आत्ताच चांगली महाग केबल टाकून प्लास्टर करून टाकू. कुठली टाकू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : केबल टाका, पण गाडू नका. सांगलीच्या वाचकांनीही हे वाचावं, कारण त्यांच्याही हॉलचं काम निघालं आहे. वरचा सगळा इतिहास सांगतो तो एवढाच, की टीव्ही आणि कन्सोल यांच्यामधली तार दर काही वर्षांनी बदलते. २००५मध्ये ज्यांनी काँपोनंटच्या तारा भिंतीत चिणल्या, त्यांना एचडीएमआय आल्यावर एकतर भिंत फोडावी लागली, नाहीतर तार उघडी लोंबकळत ठेवावी लागली. २.२ साठी 'अल्ट्रा९६' नावाच्या केबल ठरल्या आहेत. चीनमधल्या कंपन्यांनी मिळून २०२५मध्ये जीपीएमआय नावाची वेगळीच जोडणी पुढे आणली आहे. तिचा दावा सेकंदाला १९२ गिगाबिटपर्यंतचा आहे, शिवाय त्याच तारेतून वीजही. यातलं कुठलं टिकेल ते पाच वर्षांनी कळेल. भिंतीने त्यावर आज पैज लावू नये.

म्हणून दोन इंची पाईप टाका. विजेच्या कामाला वापरतात तो पाऊण किंवा एक इंची पाईप पुरत नाही, कारण केबलचं डोकं त्याच्या वळणात अडकतं. काटकोनी एल्बो टाळा, मोठ्या घेराचं वळण द्या. आत एक ओढायची तार कायमची सोडून ठेवा. विजेची लाइन त्याच पाईपमधून नेऊ नका. टीव्हीमागे हात जाईल एवढा खोल बॉक्स ठेवा, म्हणजे प्लग दाबला जाऊन वाकणार नाही.

केबलची गोष्ट सोपी आहे. 'अल्ट्रा हाय स्पीड' असं लिहिलेली आणि खोक्यावर स्कॅन करून तपासता येणारं लेबल असलेली घ्या, ती ४८ गिगाबिटची असते. अंतर तीन मीटरच्या आत असेल, तर साधी तांब्याची पुरते. त्याहून लांब असेल तर ऑप्टिकल केबल घ्या. ती एकाच दिशेने चालते. कन्सोलकडच्या टोकावर 'सोर्स' आणि टीव्हीकडच्या टोकावर 'डिस्प्ले' किंवा तसंच काही लिहिलेलं असतं. पाईपमध्ये ओढण्याआधी टोकं नीट बघा आणि केबल जमिनीवर पसरून, दोन्हीकडे जोडून, चित्र आल्याची खात्री करा. उलटी ओढली तर चित्र येणार नाही आणि सगळं काम पुन्हा करावं लागेल. सोन्याचा मुलामा, ऑक्सिजनमुक्त तांबं असल्या शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. ते पाईपला आणि गवंड्याच्या मजुरीला घाला.

या विषयावर आणखी पत्रं येणार, याची खात्री आहे. टीव्हीबद्दल विचारताना मॉडेलचा पूर्ण नंबर, कन्सोल कुठलं आणि ते कितव्या पोर्टला लावलं आहे, या तीन गोष्टी जरूर लिहा. नुसतं "५५ इंची ४के" एवढ्यावरून नेमकं उत्तर देता येत नाही.